बाळाची वाकळ : कामाच्या नोंदी (मार्च ते नोव्हेंबर २०२४)

२१ मार्च २०२४, गुरुवार. अकरावा आठवडा.

ठरलं. बाळासाठी जुन्या कपड्यांची वाकळ शिवायची. त्यातलं प्रत्येक ठिगळ या नऊ महिन्यांतल्या एकेका दिवसाचं. जोडीला एक वही. ठिगळावर नंबर आणि वहीत त्या नंबरासमोर त्या दिवसाची हकिगत, बाळाला उद्देशून. मोठं झालं की स्वतः वाचेल.

मी बेळगावात राहते, एका सोसायटीत क्लार्क आहे. खतावणी लिहायची सवय आहे, सुईची नाही. ब्लाउजला हुक लावणे यापलीकडे माझी मजल नाही. म्हणून या नोंदी ठेवतेय. कुणाला असलं काही करायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी त्यांच्या वाचतील.

साहित्याचा पहिला नियम आत्तींनी घातला (सासूबाईंना आमच्यात आत्ती म्हणतात). "बाळ यायच्या आदी घरात नवं काय बी आणायचं नाही." जुनं चालतं, बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं. म्हणजे वाकळ नियमात बसते. मी विचारलं, दोरा नवा चालेल काय? आत्तींनी दुपारपर्यंत विचार केला आणि भाकरी थापता थापता निकाल दिला, "दोरा म्हंजे कापड न्हवं."

आराखडा : ६० बाय ४५ इंच. नऊ महिने, नऊ ठिगळं. (या दोन्ही गोष्टी पुढे मोडल्या. लिहिलंय ते तसंच ठेवते.)

वही : ६० रुपये, शंभर पानी. पहिल्या पानावर लिहिलं, "तुझ्या आगमनाच्या चाहुलीने आमचे जीवन उजळून निघाले." रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे लग्नपत्रिकेवरचं वाटालंय." पान फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते असं :

"बाळा, तुझ्यामुळं आज खानापूरच्या बसमध्ये मला दोनदा उलटी झाली. पहिली ओढणीत. दुसरीच्या वेळी शेजारच्या बाईंनी कुंद्याची (बेळगावच्या मिठाईची) पिशवी रिकामी करून माझ्या तोंडासमोर धरली. कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन त्या मच्छेपासून प्रभूनगरपर्यंत तशाच बसल्या. नाव विचारायचं राहिलं."

ठिगळ १ : तीच ओढणी, धुतलेली. पिवळी, कॉटन.

७ एप्रिल, रविवार.

कापड गोळा करायचा दिवस. पाडवा परवावर आलाय, साफसफाई चालूच होती, त्यामुळे ट्रंका उघड्याच सापडल्या.

अस्तरासाठी बाबांचं धोतर. ते स्वतः घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. पन्नास-साठ धुण्यांनी इतकं मऊ झालंय की हातातून घसरतं. पण त्यांच्याकडे काजूची झाडं आहेत, आणि धोतरावर चिकाचे तपकिरी डाग. उजेडापुढे धरून बघितलं तर डागांच्या जागी कापड जळाल्यासारखं विरलेलं. बोट लावलं की भोक. धोतर जवळपास पाच वार, त्यातलं कामाचं निम्मं. अस्तर निवडताना हे आधी बघा. मी बघितलं नव्हतं, बाबांच्या समोरच बोट आरपार गेलं. ते हसले, "काजूनं माझी कातडी बी अशीच खाल्लीया."

आत्तींची इरकल. अंग काळंभोर सुती, पदर लाल, त्यात पांढरे पट्टे. ही त्यांच्या पहिल्या बाळंतपणातली, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वेळची. त्यांनी स्वतःहून दिली. द्यायच्या आधी दोन दिवस उशाला घेऊन झोपल्या होत्या, ते मला नंतर कळलं.

ट्रंकेतल्या सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. याची नोंद ठळक करून ठेवते : डॉक्टरांनी सांगितलं की डांबरगोळीतल्या कपड्यात तान्ह्या बाळाला थेट गुंडाळू नये. काही मुलांच्या रक्तात एक दोष असतो, त्यांना त्या वासानंही कावीळ होऊ शकते. असले कपडे नीट धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात टाकून मगच वापरायचे. म्हणजे धुणं आलं.

२१ एप्रिल, रविवार.

आजचा दिवस फुकट गेला. सगळं कापड एका टपात भिजवलं. ओढणी, धोतर, इरकल, नवऱ्याचा जुना शर्ट, सगळं एकत्र. कुणीतरी सांगितलं होतं की मीठ घातलं की रंग पक्का होतो, म्हणून मूठभर मीठही घातलं. अर्ध्या तासानं बघते तर पाणी कुंकवासारखं. बाबांचं धोतर गुलाबी. ओढणीवर लाल ढग. शर्टाची बाही तेवढी वर तरंगत होती म्हणून वाचली.

मिठाचा काही उपयोग झाला नाही. रंग जातो की नाही हे कळायला एक साधी रीत आहे, ती मला शेजारच्या अव्वांनी संध्याकाळी दाखवली, म्हणजे उपयोग संपल्यावर. पांढऱ्या फडक्याचा ओला बोळा घ्यायचा, रंगीत कापडावर जोरात घासायचा. बोळा रंगला की ते कापड वेगळं काढायचं. दोन मिनिटांचं काम.

अव्वा आमच्या भिंतीपलीकडे राहतात. मूळच्या गोकाककडच्या, घरात कन्नड. वडगावात चाळीस वर्षं काढली तरी मराठी कामापुरतंच. माझं कन्नड त्यांच्या मराठीइतकंच. वाकळीला त्या कौदी म्हणतात, आणि त्यांनी आतापर्यंत किती शिवल्या हे त्यांनाच आठवत नाही. उद्यापासून त्या माझ्या गुरू.

दुरुस्ती : लाल पदर वेगळा काढून धूत राहिले. पाचव्या पाण्याला फिका गुलाबी, सातव्या पाण्याला स्वच्छ. ओला बोळा दोनदा घासून खात्री केली. धोतर मात्र गुलाबीच राहिलं.

वेळ : सहा तास. वाकून वाकून पाठ गेली. हिमोग्लोबिन ९.८ आलंय, ते निदान ११ तरी हवं, आणि मी इथे टपात. नवऱ्यानं पिळायचं काम हातातून काढून घेतलं.

८ मे, बुधवार.

काल लोकसभेचं मतदान. रांग शाळेच्या फाटकापर्यंत, ऊन मरणाचं. पोलीस बाईंनी माझ्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं (सतरावा आठवडा, अजून काही दिसत नाही), मी हळूच "हो" म्हटलं. त्यांनी मला पुढं काढलं. मागची एक बाई म्हणाली, "आजकाल सगळ्याच गरोदर." तिचं काय चुकलं?

शाई ओली असतानाच मी घाम पुसला आणि पांढऱ्या ओढणीला डाग. लिंबू, साबण, रॉकेल, सगळं झालं. ती शाई चांदीच्या क्षाराची असते, उजेड लागला की काळी पडते आणि धुऊन जात नाही, म्हणूनच तर लावतात. मग कळलं की हे तर तयार ठिगळ आहे. वही भरायच्या आधीच त्यावर तारीख पडली.

ठिगळ २ : शाईचा डाग. "बाळा, हे तुझं पहिलं मतदान. रांगेत आपण दोघांनी मिळून एकच मत दिलं."

इथे आराखडा मोडला. एका महिन्याला एक ठिगळ हे कागदावर बरं दिसतं. एप्रिलात लिहिण्यासारखं धुण्याशिवाय काही घडलं नाही आणि मे लागताच ठिगळ तयार. महिन्यांचा हिशेब सोडून दिला.

३ जून, सोमवार.

दोन ठिगळं. एक टिकलं, एक वाया.

गेल्या सोमवारी सोनोग्राफी झाली, विसाव्या आठवड्यातली मोठी. भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. डॉक्टर पडद्यावर मणके मोजत होत्या आणि मी त्यांच्या भुवया. पोटावरचं जेल पुसायला घरचा छोटा टॉवेल नेला होता. वाटलं, याचंच ठिगळ. चूक. टॉवेलचं कापड जाड आणि लुसलुशीत. सुई आत जाते, पण दोरा ओढला की वळ्या पडतात, आणि दोन धुण्यांत कडेचे धागे सुटतात. दोन सुया मोडल्यावर नाद सोडला.

(त्याच दवाखान्यात माझ्या फाइलवर दुसऱ्याच बाईचं वजन चढलं होतं. एका महिन्यात नऊ किलो वाढले म्हणून मला आहार समजावून सांगितला गेला. तीन तास थांबून. फाइल हातात आली की नाव आणि वजन स्वतः वाचून घ्या.)

टिकलेलं ठिगळ गुरुवारचं. ऑफिस सुटल्यावर टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. नवरा स्कूटर बंद करून शिट्टी वाजवत होता. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. जमीन हादरत होती, आणि आत, बेंबीच्या खाली डावीकडे, टक. मला वाटलं गॅस. पुन्हा टक टक. गाडी गेली, गेट उघडलं, मागचे हॉर्न मारायला लागले आणि मी नवऱ्याला म्हटलं, "थांब, स्कूटर चालू करू नकोस." तो घाबरला. मी त्याचा हात तिथे ठेवला. त्याला काही लागलं नाही. (नंतरची भर : त्याला लागायला आणखी चार आठवडे गेले, आणि तोवर तो दर गेटला थांबून हात ठेवत होता.)

ठिगळ ३ : तोंडाला बांधलेला स्कार्फ, निळे ठिपके.

१६ जून, रविवार.

प्रत्यक्ष शिवायला सुरुवात. अव्वांच्या पायरीवर.

पद्धत लिहून ठेवते. फरशीवर खाली धोतराचे दोन पदर अंथरायचे, वर ठिगळं मांडायची. आम्ही यूट्यूबवर बघतो तसं ठिगळं आधी एकमेकांना जोडून घ्यायची नाहीत. ठिगळाची कड आत दुमडायची आणि थेट अस्तरावर धावदोऱ्यानं शिवत जायचं. सुरुवात कोपऱ्यातून, मग कडेकडेनं चारी बाजू फिरून आत आत यायचं. दोन धावदोऱ्यांत एका बोटाचं अंतर. मध्यभागी पोचेपर्यंत तिन्ही थर एकजीव होतात. हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकाही कडेपासून आत शिवत येतात आणि शेवटी चार कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. कोपरे रिकामे ठेवायचे नाहीत, हे अव्वांनाही ठाऊक.

मी उलटं केलं. मधल्यापासून बाहेर. कारण सगळ्यात आवडतं ठिगळ मध्ये हवं होतं आणि ते आधी शिवायची घाई. तीन तासांनी उचलून बघितलं तर मध्ये टेंगूळ आणि कडांना झालर. अव्वांनी एकच शब्द उच्चारला, "बिच्चु." उसव. शिवायला तीन तास, उसवायला दीड.

दुसरी गोष्ट टाक्यांची. माझे टाके गव्हाच्या दाण्याएवढे, त्यांचे तांदळाच्या कणीएवढे. "सण्ण हाक, सण्ण," लहान घाल, लहान. तान्ह्याचं बोट मोठ्या टाक्यात अडकतं, हे त्यांनी माझ्या करंगळीला दोरा गुंडाळून दाखवलं.

तिसरी गोष्ट मापाची. सबंध अंथरल्यावर अव्वा म्हणाल्या, हे कुणाला, तुझ्या गंड्याला? गंडा म्हणजे नवरा. तो आत चहा पीत होता, त्याला कळलं.

३० जुलै, मंगळवार.

सहा आठवडे नोंद नाही, कारण सहा आठवडे काम नाही.

पाऊस. ज्यांनी बेळगावचा जुलै बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. जूनच्या शेवटी मी सगळी ठिगळं पुन्हा एकदा धुतली, डांबराचा वास राहिलाय असं वाटलं म्हणून. ती वाळलीच नाहीत. माजघरात दोरी, पंखा रात्रंदिवस. चौथ्या दिवशी कुबट वास, आठव्या दिवशी धोतरावर काळे ठिपके. बुरशी. आधी काजूचा चीक, मग इरकलीचा लाल, आता हे. बाबांच्या धोतरानं काय काय सोसलं.

काय केलं : ठिपके पडलेला भाग कापून टाकला. उरलेलं गरम पाण्यात धुतलं आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवून वाळवलं. इस्त्रीनं एका वाराला वीस मिनिटं लागतात, पण वास गेला. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर महिना वाचला असता. धुणं पाडव्याच्या सुमारास उरका, मृगाच्या आधी. आमच्या भागात जून ते सप्टेंबर शिवा, धुऊ नका.

या दिवसांत माहेरी जायचं होतं, पहिलं बाळंतपण आईकडेच. पण खानापूरपलीकडचा रस्ता, ओढ्यावरचं पाणी, आणि रात्री कळा सुरू झाल्या तर? डॉक्टर नको म्हणाल्या. मग आईच इकडे आली, एक पिशवी कपडे आणि एक पोतं तांदूळ घेऊन. आत्ती आणि आई एका स्वयंपाकघरात. त्याची नोंद मी वहीत केलेली नाही, बाळाला सगळंच कळायला नको.

आणखी एक फसलेला प्रयोग. ठिगळावर नंबर घालायला नव्वद रुपयांचा कापडावर लिहायचा पेन आणला. तिसऱ्या धुण्याला अक्षरं गायब. आत्ती म्हणाल्या, बिब्ब्यानं लिही, परीट लिहायचे, जन्मात जात नाही. खरं आहे. पण बिब्ब्यानं कातडीही उतते. बाळाच्या अंगाखाली बिब्बा नको म्हटलं. मग साखळी टाक्यानं आकडे भरले. तेही फसले : वाकळीला वरची-खालची बाजू नसते. उलटी धरली की कुठला आकडा कुठला ते कळत नाही, आणि माझ्या हातचा १ सुलटा धरला तरी ९ दिसतो.

तेव्हा अव्वा मदतीला आल्या. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, मराठी ना कन्नड. त्या म्हणाल्या, बस काढ. बसच्या ठिगळावर बस. मग तसंच केलं. बस, शाईचं बोट, रेल्वेचं गेट. माझी बस डब्यासारखी दिसते, पण चाकं आहेत.

तायी कार्डावरच्या (गरोदर बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) नोंदीही मी याच महिन्यात वहीत मराठीत उतरवून घेतल्या. कार्ड कन्नडमध्ये. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकले, कन्नड अक्षरं जोडून जोडून वाचते. इंजेक्शनच्या तारखा, वजन, रक्तदाब. आशाताई अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात, त्यांनी शेजारी बसून एकेक ओळ सांगितली. तास गेला, पण माझ्या पोटाबद्दल काय लिहिलंय ते मला सबंध कळलं.

१२ ऑगस्ट, सोमवार.

काल डोहाळजेवण. आषाढात नको म्हणून श्रावण उजाडायची वाट बघितली. हिरवी साडी, फुलांची वाडी, आई आणि आत्ती दोघींनी ओटी भरली. अव्वांनी त्यांच्या पद्धतीनं कुबसा केला, हिरवा खण आणि पाच प्रकारची फळं. खण गुळेदगुड्डचा, चौकड्यात बारीक नक्षी. नवा! आत्तींचा नियम मोडला. सगळ्यांनी आत्तींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "खण आईचा हाय, बाळाचा न्हवं." खतावणीत असली एंट्री मी कधी पास केली नसती.

खणाचं ठिगळ कापताना दोन अडचणी. एक, कडा भुरुभुरु सुटतात. अर्धा इंच जास्त कापून दोनदा दुमडा. दोन, नव्या कापडात खळ असते आणि ते आटतं. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात ठिगळ आखडून शेजारच्याला ओढतं. मी एकदा धुऊन, इस्त्री करून घेतलं. पाऊण इंच आटलं.

ठिगळ ५ : खण. त्यावर फळ काढलंय. सीताफळ म्हणून काढलं, सगळे मोसंबी म्हणतात.

ठिगळ ४ राहिलं. ते आत्तींच्या पदराचं आहे. एका दुपारी त्या माझ्या पायांना तेल लावत होत्या, पाय सुजलेले. नवऱ्याच्या वेळी त्या आठव्या महिन्यापर्यंत शहापुरात मागाच्या खड्ड्यात बसून विणत होत्या. पाय खाली दाबायच्या पट्टीवर, पोट तुरीला (विणलेलं कापड गुंडाळायच्या दांड्याला) टेकायचं. "धोटा फेकला की त्यो आतनं लाथ मारायचा. मला वाटायचं, ह्यो बी विणालाय." मी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे कशाला लिहिलीस?" आणि मग, "धोटा लिहिलीस न्हवं?"

२५ ऑगस्ट, रविवार.

काल बालरोगतज्ज्ञांकडे सहज विचारायला गेलो. मी पिशवीतून अर्धी वाकळ काढून दाखवली. त्यांनी कौतुक केलं आणि मग सांगितलं की वर्षभर तरी झोपलेल्या बाळाच्या अंगावर वाकळ, गोधडी, दुलई, उशी काही ठेवायचं नाही. तोंडावर आलं तर बाजूला करता येत नाही, श्वास कोंडतो. झोपायला सपाट, घट्ट अंथरूण आणि बाळाला पाठीवर ठेवायचं. मऊ वाकळीवर झोपवायचंही नाही. जागं असताना, आपण समोर असताना, खाली अंथरून त्यावर पालथं खेळवायला हरकत नाही.

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. पाच महिने पांघरूण म्हणून शिवत होते. आईचं म्हणणं, आम्ही तुला वाकळीतच वाढवलं. आत्तींचं म्हणणं, डॉक्टर काय बी सांगतात. दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

मी डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं. त्यामुळे माप बदललं. पांघरायचं नाही तर ६० बाय ४५ कशाला? ४० बाय ३६ पुरे. लांबीतले वीस इंच आणि रुंदीतले नऊ इंच कमी. उसवायला दोन रात्री. याचा फायदा असा की बुरशीनं खाल्लेलं अस्तर आता पुरतंय. शर्टाचं ठिगळ बाद झालं, त्यामागं सांगण्यासारखं काही नव्हतंच, नुसती जागा भरायला घेतलं होतं.

पदराच्या कडेची जर काढली, अंगाला टोचते. तुम्ही करत असाल तर टिकल्या, मणी, बटण काही ठेवू नका.

१९ सप्टेंबर, गुरुवार.

गणपती झाले. रोज चाळीस मिनिटं, कधी वीस. पोट मांडीवर येतं त्यामुळे वाकळ मांडीवर मावत नाही. उंच पाटावर वाकळ, मी भिंतीला टेकून. डाव्या कुशीवर झोपून शिवायचा प्रयत्न केला, सुई उशीत सापडली. पुन्हा नाही.

विसर्जनाच्या रात्री ढोल लांबून येत होते तरी आत उड्या. खिडक्या लावून घेतल्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार.

एक दिवस गेला, कारण ग्रहण. काल सूर्यग्रहण होतं, दक्षिण अमेरिकेत. आपल्याकडे ते लागलं तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजत आले होते, सूर्य मावळून तीन तास. मी हे आत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई म्हंजे न्हाई असं असतंय होय?" सकाळपासून सुया, कात्री, विळी सगळं कुलपात. गरोदर बाईनं ग्रहणात कापू नये, शिवू नये. मी वाद घातला नाही, पाय वर करून दिवसभर झोपले. खरं सांगायचं तर महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज खंडेनवमी. सुया पुन्हा गेल्या, या वेळी देव्हाऱ्यासमोर. नवऱ्याची स्कूटर, माझी सुई, आईची विळी, झेंडूचं फूल प्रत्येकावर. मध्ये चार बोटं जागा शिवायची राहिलीय. उद्या दसरा, परवा करते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार.

परवा झालं नाही. तेराच्या रात्री पाणी गेलं, चौदाला पहाटे मुलगी झाली. २ किलो ८५० ग्रॅम. त्या रात्रीचं वहीत आहे, सात पानं, इथे नाही. शुक्रवारी बारसं झालं.

मधली चार बोटं आईनं शिवली, मी दवाखान्यात असताना, न विचारता. तिचे टाके वेगळे दिसतात, तिरके. उसवणार नाही. कोपऱ्यांची चार फुलं अव्वांची.

खर्च :
दोऱ्याचे रीळ ४ : १२०
सुया, एक पुडकं (पाच मोडल्या) : २०
अंगुस्तान : १५ (पहिल्या दिवसापासून घाला, मी तिसऱ्या आठवड्यात घातलं)
भरतकामाच्या लडी ६ : ७२
वही : ६०
पेन, वाया : ९०
दीड मीटर मलमल, अस्तर पुरणार नाही या भीतीनं आणली, न वापरता पडून : २१०
एकूण ५८७. त्यातले ३०० वाया.

वेळ : शिवणं ४६ तास, उसवणं ९, धुणं-वाळवणं मोजलं नाही, मोजवत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार.

ऊन पडलंय. आज पहिल्यांदा वाकळ अंथरली, अंगणात चटईवर. मुलीला पालथं घातलं. मान दोन सेकंद वर, मग नाक बसच्या चाकावर.

अव्वा आल्या. वाकळीच्या कडेला मांडी घालून बसल्या आणि एकेका चित्रावर बोट ठेवून तिला सांगायला लागल्या. मी वही आणायला उठले होते, ती तशीच हातात राहिली. "बस्सिन्याग वांती माड्याळ निम्मव्वा," तुझ्या आईनं बसमध्ये उलटी केली. मग शाईचं बोट, मग गेट. गेटाशी अव्वांनी स्वतःच मालगाडीचा आवाज काढला, बराच वेळ, डबे संपता संपेनात. हे मी त्यांना कधी सांगितलं होतं मला आठवत नाही. सीताफळाला त्याही मोसंबीच म्हणाल्या.

पदराच्या ठिगळावर पोचल्या तेव्हा मुलीनं सगळं ओलं केलं. नेमकं लालावर. मी वाकून बघितलं, बोटानं दाबून बघितलं. शेजारचा पांढरा पट्टा पांढराच आहे.

गरम पाण्यात साबण न घालता खंगाळलं. दोरीवर आहे.